डक्टच्या खिडकीतले पान

2022 सालच्या जुलै महिन्यात, ऐन पावसात, दापोलीजवळच्या आमच्या घरी अण्णा मागच्या दारच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया ठाण्याला झाली आणि त्यानंतरचे तीन महिने त्यांनी आमच्या सदनिकेतल्या आतल्या खोलीत काढले. त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती डक्टमध्ये उघडते. मुंबई-ठाण्याकडे राहणाऱ्यांना डक्ट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. समोर सात-आठ हातांवर शेजाऱ्यांची तशीच खिडकी, मध्ये वरपासून खालपर्यंत उतरलेले सांडपाण्याचे नळ, कबुतरांची घाण, आणि मान बाहेर काढून वर पाहिले तरच दिसणारा आकाशाचा एक चौकोन. ज्या माणसाने अठ्ठ्याहत्तर वर्षे उठल्याबरोबर पोफळींच्या शेंड्यांकडे पाहून वारा कुठला आहे ते ओळखले, तो माणूस आता रोज सकाळी मला विचारत असे, "बाहेर पाऊस आहे का गं?" डक्टमध्ये पाऊस दिसत नाही. तिथे नळांतून पाणी उतरल्याचा आवाज तेवढा येतो, आणि ते पाणी पावसाचे की वरच्या मजल्यावरच्या मोरीचे, हे कळायला मार्ग नसतो.

स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या खिडकीत, काचेच्या बाटलीत मनीप्लांटची एक फांदी कित्येक महिने उभी होती. ती मी एके दिवशी उचलून अण्णांच्या खिडकीत नेऊन ठेवली. त्यामागे कसलाही विचार नव्हता. उशाशी औषधांच्या पाकिटांखेरीज दुसरे काहीतरी दिसावे, एवढाच हेतू होता. अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ त्या फांदीकडे पाहिले आणि म्हणाले, "हे अळवाच्या जातीतलं आहे." मी कारण विचारले. नवे पान जुन्या पानाच्या देठाच्या पन्हळीतून सुरळी होऊन बाहेर येते, हे त्यांनी बोटाने दाखवले. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला अळू ते जन्मभर पाहत आले होते, त्यामुळे ती खूण त्यांना पुस्तकाशिवाय कळली.

त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. अळू, सुरण, मनीप्लांट, मॉन्स्टेरा, पीस लिली, डिफेनबाकिया आणि झेडझेड ही सगळी एकाच कुळातली माणसे आहेत. घरात आणि कार्यालयात तग धरणाऱ्या झाडांत या कुळाचा एवढा भरणा का, याचेही कारण त्यांच्या माहेरात सापडते. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावरचा आहे. या कुळातल्या बऱ्याच वनस्पती दाट जंगलात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या आहेत. वरच्या फांद्यांतून गाळून येणाऱ्या उजेडावर जगायची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, म्हणून आमच्या डक्टमधला उजेडही त्यांना पुरतो. गुलाबाला किंवा तुळशीला तो पुरणार नाही. त्यांना घरात कोंडून ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते.

चार दिवसांनी ती सुरळी उलगडली. अण्णांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि भिंतीवरचे कालनिर्णय काढायला लावून त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत 'पान' असे लिहिले. पुढचे पान बारा दिवसांनी आले, त्याच्या पुढचे अकरा दिवसांनी. दूध, गॅस, औषधे यांच्या नोंदींमध्ये आता पानांच्या नोंदी दिसू लागल्या. वॉकर घेऊन चालायला सुरुवात झाली तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलेली पावले ते तिच्या समाधानासाठी टाकत. पण एका दुपारी पलंगापासून खिडकीपर्यंतची चार पावले ते कुणीही न सांगता चालले, कारण फांदी एकाच बाजूला उजेडाकडे कलत होती आणि बाटली फिरवायला हवी होती. मी दारातून पाहत होते. मी आत गेले नाही.

अण्णांचे हाड मनीप्लांटने जुळवले असे मी कधीही म्हणणार नाही. ते शल्यविशारदाच्या हातांनी आणि त्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीच्या चिकाटीने जुळले. मात्र त्या काळात मी या विषयावर हाती लागेल ते वाचत गेले आणि त्यात मला रॉजर उलरिच यांचा 1984 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला छोटासा शोधनिबंध सापडला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. निम्म्यांच्या खोलीच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून तपकिरी विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले आणि भिंत पाहणारे 8.70 दिवसांत, झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. फरक पाऊण दिवसाचा आहे, रुग्णही थोडेच आहेत, आणि ती झाडे कुंडीतली नव्हती, बाहेरची होती. तरीही तो निबंध वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तपकिरी विटांच्या जागी आमच्या डक्टमधले नळ आले आणि मला स्वतःचा राग आला. अण्णांना हॉलमध्ये, रस्त्याकडच्या खिडकीशी झोपवण्याचा विचार आम्ही केला होता. टीव्ही आणि पाहुणे यांची अडचण होईल म्हणून तो सोडून दिला होता.

घरातल्या झाडांचे फायदे म्हटले की सर्वांत आधी हवेचा मुद्दा येतो. 'ही दहा झाडे घरातील हवा शुद्ध करतात' असा संदेश मलाही अनेकदा आला आहे आणि मी तो विश्वासाने पुढेही पाठवलेला आहे, म्हणून त्याविषयी नीट लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. या समजाचे मूळ अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या 1989 सालच्या एका अहवालात आहे. बी. सी. वॉल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाबंद पेट्यांत झाडे ठेवली, त्या पेट्यांत बेंझिन, फॉर्मल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोइथिलीन हे वायू सोडले आणि काही तासांनी त्यांचे प्रमाण मोजले. प्रमाण घटलेले आढळले. त्यात पानांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा मुळांचा आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांचा होता. प्रयोग प्रामाणिक होता आणि त्याला काळाची पार्श्वभूमीही होती. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्यासाठी पाश्चात्त्य देशांत इमारती अधिकाधिक बंदिस्त बांधल्या जाऊ लागल्या होत्या आणि रंग, गोंद, प्लायवूड, गालिचे यांतून सुटणारे वायू आतच कोंडून कर्मचाऱ्यांना डोकेदुखी आणि डोळ्यांची जळजळ होत असल्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. शिवाय नासाला अंतराळातल्या पूर्ण बंद वस्तीचा विचार करायचा होता. आपले घर मात्र पेटी नव्हे. दाराच्या फटीतून, खिडकीतून, पंख्याच्या झोतातून त्याची हवा सतत बदलत असते.

2019 साली फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वेअरिंग या दोन संशोधकांनी आधीच्या डझनभर अभ्यासांची आकडेमोड एकत्र केली. इमारतीत एरवी खेळणारी हवा ज्या वेगाने हे वायू बाहेर नेते, तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील, असे त्यांना आढळले. आमची आतली खोली दहा फूट बाय बारा फूट आहे. त्यातला सर्वांत कमी आकडा धरला तरी तिथे शंभराहून अधिक कुंड्या ठेवाव्या लागतील आणि मग अण्णांच्या पलंगाला जागा उरणार नाही. याच हिशेबाने, झाडे रात्री खोलीतला प्राणवायू संपवतात ही माझ्या सासूबाईंची भीतीही निराधार ठरते. रात्री झाडे श्वसन करतात हे खरे, पण शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासापुढे दोन कुंड्यांचा श्वास नगण्य असतो. हवा स्वच्छ हवी असेल तर खिडक्या उघडाव्यात, तळणीच्या वेळी धूर ओढणारा पंखा लावावा, उदबत्त्या आणि डास पळवणाऱ्या कॉइली कमी कराव्यात. हे काम झाडांवर टाकू नये. ज्या गोष्टीसाठी झाड घरात आणले तीच त्याच्याकडून होत नाही असे पुढे कळले की लोक झाडच टाकून देतात, आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण झाड जे खरोखर देते ते त्यांनी पाहिलेलेच नसते.

ते काय देते, हे मला घराइतकेच कार्यालयातही कळले. ऐरोलीतल्या एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आमचे कार्यालय आहे. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत. सगळ्या मार्गिकांत, बैठकीच्या खोल्यांत, उद्वाहनाच्या दाराशी उंच कुंड्यांत अरेका पाम आणि ड्रेसीना ओळीने उभे असतात. ही झाडे भाड्याची आहेत. दर शनिवारी एक माळीकाका येतात, पाने ओल्या फडक्याने पुसतात, पाणी घालतात, आणि जे झाड पिवळे पडले असेल ते खाली टेंपोत ठेवून त्याच मापाचे, त्याच जातीचे दुसरे झाड वर आणतात. काका आपले काम मन लावून करतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण बाकीच्या आम्हा ऐंशी माणसांपैकी कुणालाही, एखादे झाड बदलले गेले हे कधी लक्षात आल्याचे मला आठवत नाही.

त्याच मजल्यावर काही जणांनी आपापल्या मेजावर स्वतःची छोटी झाडे ठेवली होती. हिशेब विभागातल्या एका सहकारी बाईंकडे झेडझेडची कुंडी होती. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळे जिथल्या तिथे राहिले. ऑगस्टमध्ये आम्ही मोजकी माणसे कंपनीच्या बसने परत गेलो तेव्हा सगळ्या मजल्याला वाळक्या पाल्याचा वास येत होता. पाम कडाकडा मोडत होते. त्या बाईंनी पर्सही खाली न ठेवता आपल्या कुंडीजवळ जाऊन मातीत बोट घातले. बरीचशी पाने गळून गेली होती, पण मातीतले कंद बटाट्यासारखे घट्ट होते. मूळची पूर्व आफ्रिकेतली ही वनस्पती कोरड्या दिवसांसाठी त्या कंदांत पाणी साठवून ठेवते. त्यांनी पाणी घातले आणि तीन आठवड्यांत मातीतून हिरवा कोंब वर आला. त्या दिवशी मजल्यावर असलेली एकूण एक माणसे, मुखपट्ट्या लावून, अंतर राखून, तो कोंब पाहून गेली. पाच महिने कुणी कुणाला भेटलेले नव्हते.

भाड्याचे झाड आणि आपले झाड यांतला हा फरक एका जुन्या प्रयोगातही दिसतो. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात केलेला हा प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगण्यात आले की तुमच्या दिवसाचे निर्णय तुम्हीच घ्यायचे आहेत. आणि त्यांना एक रोप निवडायला देऊन त्याची निगाही त्यांच्याकडेच सोपवली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक तरतरीत आणि अधिक आनंदी आढळली. दीड वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या गटातली 15 टक्के माणसे मरण पावली होती आणि दुसऱ्यातली 30 टक्के. गट लहान होते, आणि पहिल्या गटाला रोपाखेरीज इतरही अनेक बाबतींत निवडीची मुभा होती, त्यामुळे सारे श्रेय रोपाला देता येत नाही. पण रोपे दोन्ही मजल्यांवर होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हिरवा रंग दोघांनाही दिसत होता. पाणी घालायची जबाबदारी मात्र एकाच मजल्यावर होती.

जपानमधल्या ह्योगो विद्यापीठाच्या संशोधकांनी अलीकडे 63 कार्यालयीन कर्मचाऱ्यांना आपापल्या पसंतीचे छोटे झाड मेजावर ठेवायला दिले, त्याची निगा त्यांनाच घ्यायला लावली, आणि थकवा आला की तीन मिनिटे काम थांबवून त्याच्याकडे पाहायला सांगितले. चिंतेची पातळी उतरली, काहींच्या नाडीचे ठोकेही संथ झाले. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या कार्यालयांत झालेला 2014 सालचा एक अभ्यास तर झाडांमुळे कामाचा वेग 15 टक्क्यांनी वाढल्याचे सांगतो. व्यवस्थापनाला झाडे आणायला राजी करण्यासाठी तो आकडा उपयोगी पडेल. मला स्वतःला ती जपानी तीन मिनिटे अधिक मोलाची वाटतात. दिवसभर पडद्यावरच्या ज्या गोष्टी आपल्यासमोर येतात, त्यांतली प्रत्येक गोष्ट आपल्याकडून ताबडतोब काहीतरी मागत असते. झाडही मागते, पण ते आठवड्यातून दोनदा पाणी मागते आणि बाकीचा वेळ नुसते वाढत राहते. त्याच्याकडे पाहताना मन कुठेही ओढले जात नाही.

माझ्या मेजावर आता स्पायडर प्लांट आहे. त्याच्या लांब देठांना लोंबणारी पिल्ले काढून मी आजवर अकरा जणांना दिली. हे झाड दक्षिण आफ्रिकेकडचे, पण मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडे बाजारात येणारी फोडशीची भाजी त्याच्याच प्रजातीतली आहे, आणि त्याच प्रजातीतल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात, क्लोरोफायटम बोरिविलियानममध्ये, आपली बोरिवली बसलेली आहे. हे एकदा डबा खाताना सांगितले तेव्हा शहापूरकडच्या एका तरुण सहकाऱ्याने त्या पानांवरून हात फिरवला आणि त्याची आजी रानातून फोडशी कशी ओळखून आणते ते सांगू लागला. तीन वर्षे शेजारी बसूनही त्याच्या गावाविषयी मी त्याला काही विचारले नव्हते.

ज्यांना आता झाड आणावेसे वाटत असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण घरातली झाडे दुर्लक्षाने जितकी मरतात त्याहून जास्त अतिप्रेमाने मरतात. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिखल राहिली की ती गुदमरून कुजतात आणि वरची पाने कोमेजतात, ती पाहून आपण आणखी पाणी घालतो. बोटाची दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. उजेडाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, कारण ते अंधाराला फार लवकर सरावतात. उन्हात एक लाख लक्सपर्यंत असणारा उजेड कार्यालयातल्या मेजावर तीन-चारशेवर आलेला असतो आणि तरी आपल्याला ती जागा लख्ख वाटते. दुपारी झाडाच्या जागी पांढऱ्या कागदावर हात धरून पाहावा. सावली पुसटशीदेखील पडत नसेल तर तिथे झाड ठेवू नये. लहान मुले आणि मांजर असलेल्या घरी मनीप्लांट आणि डिफेनबाकिया उंचावर ठेवावेत. अळवाची खाज ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे येते त्याच सुया त्यांच्या पानांतही असतात, आणि इथे चिंच घालून शिजवायची सोय नसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साचलेले पाणी. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या तपासतात, तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नये. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात आणि त्याला असेच स्वच्छ, स्थिर पाणी आवडते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, बाटली आतून घासून पाणी बदलावे. आमच्याकडे तो वार अण्णांनी गुरुवार ठरवला होता. ऑगस्टच्या अखेरीस मात्र त्यांनी ती फांदी कुंडीत लावायला सांगितली. पाण्यातले झाड पाहुण्यासारखे राहते, असे त्यांचे म्हणणे होते. कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याकडून मी माती आणि शेणखत आणले आणि पलंगावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी स्वतःच्या हातांनी कुंडी भरली. तळाला फुटक्या पणतीची खापरी ठेवायला ते विसरले नाहीत. नखांत माती गेली, ती त्यांनी संध्याकाळपर्यंत धुतली नाही.

ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, अण्णा काठी घेऊन गावी परतले. जाताना त्यांनी त्या वेलाची दोन पेरांची एक कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर नेली. मागच्या दारी, न्हाणीच्या पाण्यावर, जिथे अळू आहे तिथेच शेजारच्या नारळाच्या बुंध्याशी ती लावली आणि ती कुंपणापलीकडे पसरू नये म्हणून खालचे फुटवे ते दर महिन्याला काढून टाकतात. माझ्याकडच्या कुंडीतली पाने अजूनही तळहाताएवढीच आहेत. वेल झाडावर चढू लागला की त्याचे रूपच पालटते. पाने मोठी होत जातात आणि त्यांना कडेने चिरा पडतात. गेल्या महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला तेव्हा सर्वांत वरचे पान त्यांच्या हाताला पोचत नव्हते. त्याच्या खालचे त्यांनी मोजले होते.

"दोन विती आणि वर चार बोटं," ते म्हणाले. "तुझ्याकडे या महिन्यात किती आली?"

मी कालनिर्णय काढून पाहिले. तीन आली होती.